वाढत्या अंगाचा

पहिला स्वेटर तो पोटात असतानाच विणला,
राखाडी, कोपरांना पिवळी पट्टी.
जन्मला त्या दिवशी तो त्याच्या डोक्यातून गेलाच नाही.
सुईण नेल्दा म्हणाली, उसवू नकोस,
माझ्या भाचीचा आबेलिनो घालेल.

बाळसं असं, की शेजारणी म्हणायच्या
मनगटाला लाल दोरा बांध, दृष्ट लागेल.
बांधला.
महिन्याभरात दोरा काचायला लागला.

दोन वर्षांच्याला चार वर्षांच्याचं माप,
तीन वर्षांच्याला सहाचं.
मी वाढत्या अंगाचा विणायचे,
अंग त्याच्याही पुढे निघून जायचं.
मग एकच ठेवला.
दर मार्चमध्ये, थंडी बेटावर उतरायच्या आधी,
खालची कड उसवायची,
चार बोटं नवी वीण जोडायची.
रंग कधी जुळला नाही.
मेंढ्या त्याच,
रंगाची साल दर वर्षी वेगळ्या झाडाची.

इस्पितळ समुद्रापलीकडे, पुएर्तो मोंतला.
बस फेरीबोटीवर चढली की एलिसेओ कानांवर हात ठेवून रडायचा.
एकदा पुढच्या बाकावरची बाई वळून म्हणाली,
एवढा घोडा झालास आणि रडतोस?
घोडा चार वर्षांचा होता.
घोड्याला अकरा शब्द येत होते,
त्यांतला एक 'नको'.
जन्मदाखला मी प्लास्टिकमध्ये घालून जवळ ठेवायचे.
सुरुवातीला काढून दाखवायचे.

डॉक्टर ओयार्सून बाईंच्या कागदावर
सगळ्या मुलांच्या रेषा एकीवर एक,
ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा.
याचा ठिपका सगळ्यांत वर,
जिथे फक्त कागद छापणाऱ्याचं नाव असतं.

सहाव्या वर्षी डाव्या हाताचा एक्स-रे काढला.
मुलगा सहाचा, हात साडेआठचा.
हाडं घाईत आहेत, बाई म्हणाल्या.
कसली घाई?
एका जनुकाच्या दोन प्रती असतात,
याची एक कामच करत नाही,
'पुरे' म्हणायला एकटीचा आवाज कमी पडतो.
कुणाकडून आली?
कुणाकडूनच नाही. याच्यातच नव्याने झालं.
सासूने तरीही ठपका ठेवला
मी गरोदरपणी खाल्लेल्या खेकड्यांवर.
आजाराचं नाव चिठ्ठीवर आहे.
ती चिठ्ठी लोकरीच्या टोपलीत, तळाशी.

लवकर धावतात ती लवकर थांबतात,
असंही बाई म्हणाल्या होत्या.
मी मान हलवली.
विश्वास ठेवायला वेळ कुठे होता,
बाह्या पुन्हा मनगटाच्या वर गेल्या होत्या.

अकराव्या वर्षी दोन बोटं पुरली.
बाराव्या वर्षी दीड.
तेराव्या वर्षी मी मोजण्यात चुकले असं वाटून
दोनदा मोजलं.

या मार्चमध्ये तो पंधराचा.
स्वेटर पाठीला लावून बघितला.
कड कमरेखाली, जिथे गेल्या वर्षी होती तिथेच.
हातात लोकरीची लडी तशीच.

तेवढ्यात आबेलिनो आला, बटाटे काढायला बोलवायला.
तोच, राखाडी स्वेटरवाला.
उन्हाळ्यात ताडमाड वाढलाय,
दारात वाकला, तरी कपाळ आपटलं.
दोघे पाठीला पाठ लावून उभे राहिले.
मी दोन्ही डोक्यांवर लाकडी पट्टी ठेवली.
पट्टी किंचित कलली,
आबेलिनोच्या बाजूने वर.

एलिसेओ हसला. त्याचं बोलणं अजून सावकाश येतं,
एकेक शब्द, बोटीतून माणसं उतरावीत तसं.
म्हणाला, आता तुला म्हणतील.
काय?
घोडा.

दोघे शेताकडे गेले.
स्वेटर याच्या अंगात, अकरा वेगवेगळे राखाडी,
एक बाही बोटभर लांब,
ती त्याने दुमडली नाही.

लडी उरली.
फेकवत नाही.
टोपी करावी म्हणते.
डोकं मात्र त्याचं अजून रेषेच्या वरच आहे,
साठ सेंटिमीटर.
एकशे वीस टाके घातले.
बघू, डोक्यातून जाते का.